वाफेचा शेंदूर

राग माणसाच्या अंगात नेमका कुठे वस्तीला असतो, असे पोपटरावांना कुणी विचारले असते, तर त्यांनी छातीवर हात ठेवला नसता. दोन्ही तळहात उताणे करून पुढे धरले असते. त्या तळहातांच्या रेषांत शेंदूर मुरला होता. दौंडच्या लोको शेडमध्ये उमेदीची सगळी वर्षे त्यांनी वाफेच्या इंजिनांचे सांधे बुजवले होते. शेंदूर, जवसाचे उकळलेले तेल आणि तागाचे तंतू एकत्र मळून केलेल्या लुकणाने. ते लुकण एकदा सुकले की लोखंडापेक्षा हट्टी होई. आत वाफ कितीही किंचाळली तरी सांध्यातून उसासासुद्धा बाहेर पडत नसे. गेल्या वर्षीच्या मे महिन्यातल्या रेल्वे संपात नोकरी गेली, क्वार्टर गेले, पास गेला. हातांवरची लाली तेवढी गेली नाही. अंघोळीला बसल्यावर ती दिसली की पोपटरावांचा जबडा आपोआप आवळला जाई.

१९७५ सालच्या वैशाखात ते हात शिरूरला, नगर रस्त्याच्या कडेला, शंकररावांच्या पत्र्याच्या गॅरेजात एका काचेवरून फिरत होते. गोधडीवर निजवलेली, दोन्ही टोकांना किंचित वळलेली ती काच एका जुन्या प्लायमाऊथ मोटारीची होती. शंकरराव तरुणपणी घोड्यांच्या एका फार्मवर ड्रायव्हर होते. मालक वारले, घोडे पांगले, आणि ही बिलायती गाडी म्हाताऱ्या ड्रायव्हरपाशी उरली. ती वर्षानुवर्षे बाभळीखाली उभी होती आणि तिची पुढची काच एका फांदीने फोडली होती. पोपटराव बडतर्फ होऊन बायकोला घेऊन शिरूरला आले, तेव्हा शंकरराव म्हणाले होते, "गाडी माझी, घाम तुमचा. उभी केलीत तर टॅक्सी म्हणून तुम्हीच चालवा."

गाडी उभी राहिली. इंजिन घुमू लागले, ब्रेक धरू लागले. राहिली होती ती ही काच. असली काच आता देशात येत नव्हती, आणि वळलेली काच कापून देणारा कारागीर पुण्यात नव्हता. शिक्रापुराजवळ ट्रकच्या भंगारात त्याच जातीची एक मोडकी गाडी सापडली. तिच्या कपाळावरून ही काढली आणि पोपटरावांच्या बायकोने, मालनबाईंनी, ट्रकमध्ये बसून मांडीवरून शिरूरपर्यंत आणली, बाळंतिणीचे मूल आणावे तशी. सोमवारी पुण्याला गाडीचे पासिंग होते. पुढची काच नाही तर पासिंग नाही. पासिंग नाही तर टॅक्सी नाही. आणि टॅक्सी नाही तर खुटबाव. खुटबाव, त्यांचे मूळ गाव, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतली एक खोली आणि दुसऱ्याच्या उसात वाकलेली कंबर. पोपटरावांच्या बापाने ज्या वाटेने गावकीची काठी टाकून रेल्वेची टिकाव उचलली होती, त्याच वाटेने उलटे चालत जाणे. ते नाव घरात कुणी उच्चारत नव्हते. ते भाकरीत खड्यासारखे लागत होते.

मागची काच पोपटरावांनी आठवड्यापूर्वीच बसवली होती. रबर आणि पत्र्याच्या मधल्या फटीत त्यांनी शेंदराचे लुकण अंगठ्याने ठासले, तेव्हा शंकरराव तंबाखू मळत हसले होते.

"पोपटराव, तुम्ही बौद्ध माणसं. आन् गाडीला शेंदूर फासताय? म्हसोबा बसवताय काय मागच्या अंगाला?"

"ह्यो शेंदूर देवाचा न्हाई, आबा. वाफेचा हाय."

"पावंल ना पर?"

"वाफ अडीवतो ह्यो. पावसाची काय बिशाद?"

आणि खरोखर, बादल्या ओतून पाहिल्या तरी मागच्या काचेतून थेंब आत आला नव्हता. लुकण सुकले होते. नखाने वाजवले तर खणखणत होते.

आज पुढच्या काचेसाठी ते पुन्हा शेंदूर मळायला बसले होते. तेल पडत होते, बोटे फिरत होती, लाल गोळा घट्ट होत होता. आणि त्या लयीत वर्षभराचा संताप पुन्हा पुन्हा घडी घालून आत दाबला जात होता. तेवढ्यात गॅरेजच्या दारात सावली पडली.

"रामराम, शंकरराव. जय भीम, दाजी."

पोपटरावांनी मान वर केली नाही. आवाज पुरेसा होता. मालनबाईंचा थोरला भाऊ साहेबराव, दौंडच्या डबे दुरुस्त करणाऱ्या कॅरेज शेडचा फिटर. पण त्या दोन शब्दांना उत्तर न देणे म्हणजे मेलेल्या बापाला उत्तर न देणे. म्हणून आपणच भिंतीवर टांगलेल्या भीमरायाच्या तसबिरीकडे पाहत, तसबिरीलाच सांगितल्यासारखे, ते पुटपुटले, "जय भीम."

संपाच्या दिवसांत शेडमधली इंजिने थंड पडली होती. थंड इंजिनासारखे भयंकर आणि सुंदर दुसरे काही नसते. जणू एखाद्या राक्षसाने माणसांच्या बाजूने श्वास रोखून धरला आहे. फाटकावर सगळे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते, आणि मागच्या फाटकातून पोलिसांच्या गाडीत बसून साहेबराव कामावर गेला. पोपटराव तुरुंगात असताना त्यांच्या क्वार्टरमधले सामान बाहेर काढले गेले. पुढे पावसाळ्याच्या तोंडाला ते क्वार्टर निष्ठावान कामगार म्हणून कुणाला मिळाले? साहेबरावाला. बायकोच्या सख्ख्या भावाला. ज्या चुलीवर मालनबाई भाकरी भाजायच्या, तिच्यावर आता त्यांच्या भावजयीचा तवा होता.

"कशाला आलायसा, मेव्हणं?" पोपटरावांनी गोळ्यावर मूठ आपटली.

"मालननं सांगावा धाडला. काच बसवायची हाय म्हणं."

पोपटरावांनी बायकोकडे पाहिले. मालनबाई रबराची पट्टी साबणाच्या पाण्यात धूत होत्या. त्यांनी नजर चुकवली नाही.

"व्हय, मीच धाडला. ती काच दोन माणसांबिगर बसत न्हाई, आन् आबांचं हात थरथरत्यात. मागची बारकी व्हती म्हणून निभलं."

साहेबरावाने पिशवीतून एक डबा काढला, झाकण उघडून जमिनीवर ठेवला. आत काळे, चकाकते, खोल काहीतरी होते. डांबराचा उग्र वास पसरला.

"पुण्यातनं आणलंय. बसच्या बॉड्या बांधत्यात ती लोकं काचंला ह्येच वापरत्यात. आमी बी डब्याच्या खिडक्यांना असलंच भरतो. कवाच सुकत न्हाई."

"सुकत न्हाई?" पोपटराव हसले, पण त्या हसण्याला दात फार होते. "मग त्यो काय मसाला? सुकत न्हाई, धरत न्हाई, जिकडनं दाब यील तिकडं सरकतंय. तुमच्याच वळणाचं दिसतंय की, साहेबराव."

"दाजी, मला काय बोलायचं त्ये बोला. पर ह्ये ऐका. तुम्ही इंजिनवालं. तुमचा सांधा लोखंडालोखंडाचा. दोनी बाजू घट आवळलेल्या. हिथं काच हाय, रबर हाय, आन् बॉडी पत्र्याची. खड्ड्यात एक चाक गेलं की आख्खी बॉडी पिळती. मधलं लुकण बी तिच्यासंगं पिळाय पायजे, वाकाय पायजे. न्हाई वाकलं तर काच जाती."

"वाकायचं तुम्हाला बरं जमतं."

शंकररावांनी खाकरून बाजूला पाहिले.

"भ्यालो मी, दाजी. त्याला दुसरं नाव न्हाई. भ्यालो."

असे कुणी सरळ कबूल केले की रागाची पंचाईत होते. त्याला मारायला समोर भिंत लागते आणि भिंतच खाली बसलेली असते. पोपटरावांना ती कबुली शिवीपेक्षा जास्त लागली. सबब सांगितली असती तर त्यांनी ती चिंध्या करून परत फेकली असती.

"आन् येक सांगू?" साहेबराव हलकेच म्हणाला. त्याला बहुधा वाटले, चांगले बोलावे. "तुमच्या खिडक्या अजून गळत न्हाईत."

क्वार्टरच्या खिडक्यांची तावदाने पोपटरावांनी स्वतः बसवली होती. शेंदराने. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत, मालनबाई खालून लुकण देत होत्या आणि ते स्टुलावर उभे होते.

पोपटराव उठले. साहेबरावाने चपापून डब्याचे झाकण दाबून बसवले, आणि पुढच्याच क्षणी त्या डब्यावर लाथ बसली. डबा घरंगळत गॅरेजबाहेर, धुळीतून, थेट रस्त्याच्या काठापर्यंत गेला. नगरकडून एक ट्रक हॉर्न वाजवत येत होता. मालनबाई धावल्या, डबा पदरात उचलला आणि ट्रकच्या धुरळ्यातून परत आल्या. त्यांनी तो फळीवर, तिथे आपणच मांडलेल्या बुद्धाच्या मूर्तीशेजारी, ठेवला.

"निघा," पोपटराव म्हणाले.

"दौंडची एसटी दुपारच्याला हाय. समोरच्या हाटेलात बसतो," साहेबराव म्हणाला आणि गेला.

लाल गोळा तयार होता. पण पोपटरावांचे हात आता काच धरण्याजोगे राहिले नव्हते. साहेबरावाचे शब्द माशीसारखे कानाभोवती फिरत होते. न्हाई वाकलं तर काच जाती. त्यांनी एकदम किल्ली उचलली.

"निमोण्यापत्तुर जाऊन येतो. मागची काच बसवल्यापासनं गाडी हलली न्हाई. हलवून दावतो म्हंजी त्याचं थोबाड बंद व्हईल."

"पुढं काच नसताना?" शंकरराव म्हणाले. "डोळ्यात चिलटं जातील की वो."

"जाऊ द्या."

मालनबाई न विचारता शेजारी येऊन बसल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर ओढून नाकाशी धरला.

काचेविना गाडी चालवणे म्हणजे उघड्या जखमेने चालणे. वैशाखाचा वारा तोंडावर तापल्या तव्यासारखा येत होता. मातीचे कण दातांखाली करकरत होते. दोन्ही बाजूंनी नांगरलेली, भेगाळलेली, वाट पाहून पाहून गप्प झालेली जमीन मागे जात होती. पोपटराव वाऱ्याशी भांडत असल्यासारखे ओरडले, "माझ्या माघारी त्याला सांगावा? त्या माणसाला?"

"त्यो माणूस माझा भाऊ हाय."

"म्हणून माफ?"

मालनबाईंनी पदर खाली घेतला. धुळीने त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

"माफ? त्या दिशी तुम्ही जेलात व्हता. नारं देत गेला आन् नारं देत आला. क्वार्टरातनं भांडी बाहेर पडली ती मी उचलली. ट्रंकेवर बसून मी बघत व्हते, आन् ह्यो माझा भाऊ समोर उभा. येक हंडा उचलून दिला न्हाई त्यानं. येक हंडा! मग सांगा, राग कुणाचा मोठा? तुमचा का माझा?"

"मग बोलावलंस कशापायी?"

"खुटबावला जायचं न्हाई म्हणून!" त्या ओरडल्या. वर्षभरात तो शब्द प्रथमच मोठ्याने उच्चारला गेला, आणि वाऱ्याने तो दोघांच्याही तोंडात परत कोंबला. "माझा राग मी माझ्या जागी ठिवलाय. तुम्ही तुमचा सगळीकडं फासताय. गाडीला बी."

तेवढ्यात निमोण्याच्या अलीकडच्या ओढ्यावर डावे चाक बैलगाड्यांच्या चाकोरीत उतरले. गाडी कण्हली, तिरकी झाली, सावरली. आणि मागे एक आवाज झाला.

फार मोठा नव्हता. लाकडात ठिणगी फुटावी, किंवा कुणी रागाने जीभ टाळ्यावर आपटावी, तेवढाच. टच्च.

त्यांनी गाडी थांबवली. इंजिन बंद केले. दोघांपैकी कुणीही बराच वेळ मागे पाहिले नाही. मग पोपटराव उतरून मागे गेले. मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातून एक चीर निघून थेट विरुद्ध टोकापर्यंत गेली होती. शेंदूर जागचा तसूभरही हलला नव्हता. तो आपल्या हट्टात पूर्ण होता, निर्दोष होता. त्याने गळू दिले नव्हते, सोडले नव्हते, वाकला नव्हता. त्याने फक्त काच घेतली होती.

पोपटरावांनी त्यावर नख रोवले. नख तुटले. बोटाच्या टोकाला रक्ताचा थेंब आला तो शेंदरावर ओळखूसुद्धा आला नाही. आजवरच्या प्रत्येक रागाला एक चेहरा होता: साहेबाचा, पोलिसाचा, मेव्हण्याचा. या रागाला चेहरा शोधताना त्यांना चिरलेल्या काचेत स्वतःचाच दिसला, दोन तुकड्यांत. त्यांनी डिकीवर एवढ्या जोराने मूठ मारली की ओढ्याकाठच्या झाडावरचे बगळे उडाले.

मालनबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "ही पुढची असती तर," एवढेच त्या म्हणाल्या.

परतल्यावर शंकररावांनी गाडीला फेरी घातली, चीर पाहिली, टोपी काढून डोके खाजवले. "म्हसोबा काय पावला न्हाई, पोपटराव." मग त्यांचा चेहरा पाहून घाईने म्हणाले, "असू द्या. मागं प्लॅस्टिकचा ताव ठोकून पासिंग करून घिऊ. पर पुढं काय ठोकणार?"

पोपटरावांनी मळलेला लाल गोळा उचलला. अजून मऊ होता. मुठीत दाबला तेव्हा बोटांच्या फटींतून ओळखीच्या आज्ञाधारकपणे बाहेर आला. तो त्यांनी गॅरेजच्या मागे खड्ड्यात टाकला आणि वरून पायाने माती लोटली. मग फळीवरचा डबा घेतला, दारात उभे राहिले आणि रस्त्यापलीकडे ओरडले, "साहेबराव! एसटी सोडा."

त्यात विनंती नव्हती. हॉटेलातल्या बाकावरून साहेबराव उठला. काय झाले ते त्याने विचारले नाही. आत येताना त्याने मागची चीर पाहिली, आणि तिच्याबद्दलही तो बोलला नाही. त्याच्या त्या गप्प राहण्याचाही पोपटरावांना राग आला.

काळे लुकण रबराच्या खाचेत भरताना त्याचा स्पर्श त्यांना किळसवाणा वाटला: ऊबदार, चिकट, कुठलाच आकार कायमचा न मानणारा. पुसायला जावे तर बोटाला आणखी लागे. रबर काचेभोवती चढवले. रबराच्या दुसऱ्या खाचेत मालनबाईंनी साबण लावलेली सुती दोरी सगळीकडून बसवली आणि तिची दोन्ही टोके आत सोडली. रीत साधी होती. एकाने बाहेरून तळहातांनी काच चौकटीवर दाबायची, दुसऱ्याने आत बसून दोरी ओढत जायची. दोरी निघते तसा रबराचा ओठ पत्र्यावर चढत जातो. आतल्याने ओढ घेतली आणि बाहेरच्याने त्याच जागी, त्याच क्षणी दाब दिला नाही, तर काच तडकते.

पोपटराव आत बसले. साहेबराव बॉनेटवर वाकला.

दोघांत आता फक्त ती काच होती. वर्षभर पोपटरावांनी हा चेहरा इतक्या जवळून पाहिला नव्हता. कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर थांबला होता, आणि दोन्ही हात काचेवर असल्याने तो पुसता येत नव्हता. दोरी भलत्याच क्षणी ओढली तर? एक हिसका. साहेबरावाच्या तळव्याखाली काच जाईल, रक्त येईल. पोपटरावांच्या मनात हे स्वच्छ, थंड उभे राहिले. आणि साहेबरावाच्या डोळ्यांत दिसले की त्यालाही ते दिसते आहे. त्याने हात काढले नाहीत. डावा तळवा कोपऱ्याकडे सरकवला आणि दाबला.

"वढा," त्याच्या ओठांनी म्हटले.

पोपटरावांनी ओढली. दोरी निघू लागली, ओठ चढू लागला. कडेने काळ्या लुकणाची कड बाहेर उसळली. कोपऱ्यापाशी रबर अडले. दोघेही थांबले, साहेबरावाने दोन्ही अंगठे तिथे रोवले, पोपटरावांनी दम धरून, अगदी हळू, दोरी आपल्याकडे घेतली. ती दोन शेडांची, दोन बाजूंची माणसे काचेच्या परिघावरून सरकत गेली, एकाचा हात जिथे तिथेच दुसऱ्याचा, आणि अखेर दोरी पूर्ण मोकळी होऊन पोपटरावांच्या मांडीवर पडली.

शंकररावांनी बादली ओतली. दुसरी ओतली. पाणी वरून पसरत गेले आणि त्याच्यापलीकडे साहेबराव विरघळून पुन्हा जुळला. आत कोरडे होते. बाहेरून तो काहीतरी बोलला. काचेतून ऐकू आले नाही. पोपटरावांनी काय म्हणून विचारले नाही.

दौंडची एसटी केव्हाच गेली होती. "बसा मागं," पोपटराव म्हणाले. साहेबराव मागे, तडकलेल्या काचेखाली बसला. मालनबाई पुढे बसत म्हणाल्या, "क्वार्टरापुढं थांबा. मला उतरायचं न्हाई. नुसतं बघायचंय."

खड्डे होते, चाकोऱ्या होत्या, बैल रस्त्यात होते. पुढची काच प्रत्येक हिसक्याला किंचित हलत होती आणि धरून होती. आरशात साहेबरावाच्या मागे ती चीर दिसत होती, आणि पोपटराव आरसा हलवत नव्हते.

दिवेलागणीला रेल्वे कॉलनी आली. ओळीतले ते क्वार्टर, ती खिडकी. तावदानाच्या कडेने शेंदराची रेघ संध्याकाळच्या उजेडात अजून लाल होती. मालनबाई तिकडे पाहत राहिल्या. साहेबराव उतरला आणि पोपटरावांच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"च्या घिऊन जावा, दाजी."

"माझ्या घरात पाव्हणा म्हणून? न्हाई." पोपटरावांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, आता त्यांवर लालीच्या वरून काळे लागले होते. "तुमचं काळं बरं बसलंय. पुण्याला पास व्हईल गाडी. त्ये मी न्हाई म्हणणार न्हाई. पर त्या खिडकीला हात लावायचा न्हाई. तिथलं माझं लाल काढायचं न्हाई."

साहेबरावाने खिडकीकडे पाहिले.

"त्ये निघत न्हाई, दाजी," तो म्हणाला. "म्या बघितलंय काढून."

पोपटरावांनी गियर टाकला.